उजेड बारीक

रोला, शारजा. एका खोलीत तीन बंक, सहा माणसं.
वर मी, मांडीवर लॅपटॉप,
खाली सफवान परकार, दाभोळचा.
बेकरीची पाळी पहाटे तीनला.
"भावा, उजेड बारीक कर," म्हणतो,
कंदिलाची वात असावी तसं.
मी पडद्याचा उजेड तीन रेघांवर आणतो
आणि आजचे फोटो उघडतो.

अल कूझच्या गोदामातला कार्यक्रम.
सुदानी गायिका, रिहाम.
दिवेवाल्यानं तिला असं जांभळ्यात बुडवलंय
की गालाला गाल राहिलेला नाही,
नुसता रंग, दौत कलंडल्यासारखा.
अशा वेळी सगळे काय करतात, ठाऊक आहे :
काळंपांढरं. वर तिळासारखी ग्रेन भुरभुरायची,
झाला फोटो गंभीर.
जोसेलितो सावल्या निळ्यात बुचकळतो, कातडी नारिंगीत;
त्याचे सगळे गायक एकाच उन्हात भाजलेले.
आणखी एक आहे, काळोख इतका दाबतो
की ड्रमवाल्याचे फक्त दात उरतात.

मी सावल्या उचलतो.
उचलतच जातो, कारण मला धड दिसत नाही.
मग मागचा पडदा वर येतो, त्याची उसवलेली कड,
वायरींचं भेंडोळं
आणि त्यावर बसून डब्यातला भात खाणारा पोरगा,
गाण्याकडे पाठ.

दुसऱ्या दिवशी फोन : काय मोकळा उजेड रे तुझा!
कुठली सेटिंग? शिकवशील?
अंदाज असतो, म्हणतो मी.
काय सांगू, ही शैली नव्हे,
परकारची झोप आहे.

मार्चमध्ये त्याचा व्हिसा संपला.
उशी माझ्याकडे टाकून गेला, पिठाच्या वासाची.
त्या रात्री पहिल्यांदा उजेड पुरता वाढवला,
जुने फोटो लावले :
पांढरे फटक. रिहामचं कपाळ जळून गेलेलं.
म्हणजे लोक दोन वर्षं
माझ्या न दिसण्याचं कौतुक करत होते.

पोरगा मात्र स्वच्छ. डब्याच्या झाकणावर
खिळ्यानं कोरलेलं नाव, अर्धं.
दुरुस्त करायला बसलो.
कपाळासाठी काळोख थोडा दाबला, पोरगा गेला.
सोडला, आला.
परत दाबला.

तीनला कुणाचाच गजर झाला नाही.
खालच्या गादीवर प्लास्टिक चढवलेलं,
त्यावर माझ्या पडद्याचा चौकोन.
बोट आपोआप कळीवर गेलं :
पाच रेघा. चार.