पाणी तुटू नये

माल्डनला ओहोटी लागली की बोटी चिखलात कुशीवर कलंडतात.
शेडमध्ये ग्लेंडा पर्किसने बाकावर मांडून ठेवलंय:
सुकाणूचं पातं, झाकणाची चौकट, दोर बांधायच्या सहा खुंट्या.
ऑपरेशनआधी उतरवून ठेवलेल्या दागिन्यांसारखं सगळं.

"घासू नकोस लगेच," ती म्हणते, "आधी पूस."
तेलासकट घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं.
मग ते निघत नाही, नुसतं दिसेनासं होतं.
अशी माणसं माझ्या ओळखीची आहेत.

ॲसिटोनचं एक फडकं, कोरडं एक.
पहिलं काळं होतं. दुसरंही.
तिसरं आणायला कपाटापर्यंत जावं लागतं.

सवयीने मी तारेचा ब्रश उचलतो
आणि ती केवढ्यांदा ओरडते!
पोलादाचा एक कण रुतला तरी
रंगाखाली वर्षभर गुमान राहतो,
पुढच्या उन्हाळ्यात फोड येतो,
फोडला तर आत पांढरी पूड.
म्हणून ही हिरवी घासणी, फक्त याच धातूची.
खरकट्या-सोवळ्याचं एवढं तर आमच्या घरीही नव्हतं.

मिरजेला दस्तगीर कल्हई करायचा.
तापल्या पातेल्यात नवसागर टाकला की भस्सकन धूर,
त्याच धुरात कथलाचा एक फेरा, एका दमात.
मधे कुणी भाव विचारला तर उत्तर द्यायचा नाही.
आम्हाला तो माणूस तुसडा वाटायचा.

फॉस्फरिकचं पाणी लावून, धुऊन,
पातं नळाखाली तिरकं धरतो.
स्वच्छ असेल तर पाणी अख्खं पसरतं, काचेसारखं.
पसरतंय, पसरतंय,
आणि कडेपाशी एका जागी मागे सरतं,
थेंब थेंब होतं.
मधे कोरडा उरतो एक अंगठा.

माझाच.
अडीचला अनंताचा फोन आला होता, हातमोजा काढून घेतला.
"प्लॉटच्या सह्यांना येतोयस ना?"
"बघतो," म्हणालो,
आणि तसाच पात्याला हात लावला असणार.

ग्लेंडा घड्याळाकडे बघते, माझ्याकडे नाही.
उघडा ठेवला की हा धातू स्वतःच स्वतःला पांघरून घेतो,
डोळ्यांना दिसणार नाही असं,
आणि त्या पांघरुणावर रंग फार दिवस टिकत नाही.
पुन्हा पहिल्यापासून. फडकं, घासणी, आम्ल, नळ.

पावणेपाचला पाणी एकसंध उतरतं.
छतावरची ट्यूबलाइट त्यात सरळ दिसते, कुठेही न मोडता.
प्रायमर ढवळून तयार, पोपटी, उग्र वासाचा.
दोघांचे चारही हात मोज्यांत.

बाकावर फोन थरथरतो,
खुंट्यांमधून सरकत सरकत कडेशी येतो.
ग्लेंडा कोपराने त्याला आत ढकलते,
कुणाचा ते विचारत नाही.
मी ब्रश बुडवतो.