अर्थ लागत नाही

पुलीचा नट सुटता सुटेना.
जुना बेल्ट गुंडाळून पुली व्हाइसमध्ये आवळली,
बावीसचा पाना, पान्यावर दोन फुटी पाइप,
तरी ढिम्म.
मग थोडं डिझेल सोडलं आणि चहा सांगितला.
कुपवाड फाट्यावर चहा येईस्तोवर
बरेच नट आपोआप ऐकतात.

गाडी आरवाडे शेठची. कॉन्टेसा.
हळदीच्या गोडाऊनमध्ये नऊ वर्षं उभी.
"अल्टरनेटरला मोरपंखी पावडर कोटिंग पाहिजे," म्हणाले,
"बॉनेट उघडलं की दिसलं पाहिजे."
कुणाला, असं मी विचारलं नाही.

उघडण्याआधी खिळ्यानं एक रेघ ओढली,
पुढच्या खोळीवरून मागच्या खोळीपर्यंत.
सुटं करायचं तर आधी
कुठं जुळत होतं त्याची खूण पाहिजे.
मग चार लांब स्क्रू,
लाकडी हातोडीचे दोन टोले, समजूत काढल्यासारखे,
आणि आतून धूळ आली. वरवर काळी,
फुंकर मारली तर पिवळी.
दिवसभर माझ्या शिंकेला हळदीचा वास.

रोटरचे दोन पंजे बोटांत बोटं घालून,
आणि एकही बोट दुसऱ्याला शिवत नाही.
तांब्याची तार शाबूत.
ब्रश झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढे.
डायोडची तीन टाकी सोल्डरवरून उचलली,
सगळं ताटात मांडलं
आणि नुसत्या दोन रिकाम्या खोळी पिशवीत घालून
राजाक्काकडे गेलो.

राजाक्का मास्किंगला बसते,
एमआयडीसीत, भट्टीच्या शेजारी, उन्हाळ्यातसुद्धा.
पुढ्यात रबरी बुचं, टेपची भेंडोळी, ब्लेड.
"उघडं काय ठिवायचं तेवढं सांग," म्हणाली,
"झाकायला काय, जग पडलंय."
मी सांगितलं: बेअरिंगची बैठक,
स्क्रूची भोकं, दोन खोळी मिळतात ती कड.
तिनं टेप लावून वर अंगठा फिरवला,
करंजीची कड दाबावी तसा.

खोळ आकड्याला टांगतात.
आकड्याला अर्थ दिलेला असतो,
म्हणून तर गनमधनं उडालेली पावडर
पिठासारखी अंगाला धरून राहते.
मग एकशेऐंशी डिग्री, वीस मिनिटं.
बाहेर आली ती खोळ
मला माझ्या हातातली वाटेना.

नवं बेअरिंग, नवे ब्रश.
मागच्या भोकातनं सायकलचा आरा घालून ब्रश दाबून धरले,
रेघेला रेघ मिळवली,
आरा ओढला. टक्क.
शेठनी चावी फिरवली.
इंजिन झकास,
आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझायचं नाव नाही.

बेल्ट पाहिला. रेग्युलेटर बदलून पाहिला.
डायोड उलटे टाकले की काय म्हणून घाम फुटला.
शेवटी मीटरची एक सुई बॅटरीला, एक त्या मोरपंखी अंगाला.
काटा मेला.
"काय झालं?"
"अर्थ लागत नाही, शेठ."
शेठनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
"आमच्या घरात बी कुणाला लागत न्हाई,
या गाडीवर पैसे का घालतोय त्याचा."

कान राहिला होता सांगायचा.
ज्या कानातनं बोल्ट जाऊन खोळ इंजिनाला टेकते तो,
तोही रंगला होता, भोकासकट, सुंदर.
कानस काढली.
शेठनी तोंड फिरवलं.
मोरपंखी भुकटी माझ्या नखांत बसली,
खाली पांढरं ॲल्युमिनियम, रुपयाएवढं.
बोल्ट आवळला. दिवा गेला.

पुढच्या खेपेला राजाक्कानं विचारलं, कसा दिसला.
कानाचं सांगितलं.
"मग तवाच बोलायचं की. एक टिकली लावली असती."
आणि टेपची गोल टिकली कापून
माझ्या मनगटावर चिकटवली,
आता तरी विसरू नको म्हणून.

रात्री साबण घेताना ती काढली.
कोपरापर्यंत ग्रीस, वंगण, काळं.
तेवढं एक गोल
कातडीच्या रंगाचं.