पेन्सिलीतली वही

सावद्याच्या वजनकाट्यावर मी दिवसभर
केळीचे ट्रक तोलतो.
भरलेला, रिकामा, वजाबाकी, पावती.
वीस किलो इकडेतिकडे, कोणी भांडत नाही.
रात्री ओट्यावरच्या वीतभर काट्यावर
भाकरीचा चतकोर ठेवतो
आणि तीन ग्रॅमसाठी श्वास धरतो.

जळगावहून मिळालेला तक्ता
प्लास्टिकमध्ये बंद होता, फ्रिजवर चिकटवायला.
त्यात इडली होती, पास्ता होता.
कळण्याची भाकरी नव्हती, फुणके नव्हते,
आणि खापरावरचा मांडा
कुठल्या वाटीत मोजणार?
ओजल तेव्हा सहा वर्षांची.
म्हणाली, पप्पा, आपलं जेवण यात काबरं नाही?

म्हणून वही.
उज्ज्वलानं पिठं तोलली,
दादरचं वेगळं, बाजरीचं वेगळं,
मी निळ्या बॉलपेननं ठासून आकडे लिहिले,
खाली दोन रेघा ओढल्या.
वाटलं, झालं एकदाचं.

मग उडीद महागला,
कळण्यात ज्वारी वाढली.
उज्ज्वलाचं मनगट दुखायला लागलं,
तशा भाकरी लहान झाल्या आणि जाड.
आम्हाला कोणालाच कळलं नाही.
साखरेला कळलं.
वहीत मी लिहिलं होतं: एक केळं.
केळी तोलून पोट भरणारा माणूस,
आणि नुसतं "एक"!
बागांत नवी रोपं आली, फण्या रुंदावल्या,
माझं एक तसंच.

पौषातल्या एका रात्री
दूध आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा,
वहीत बघून सुई.
साडेबाराला उशी घामानं ओली,
मशीनवर एक्कावन्न.
उज्ज्वला साखरपाणी पाजत होती,
मी भिंतीला टेकून उभा,
हातात वही, उघडी, त्याच पानावर.

सकाळी कचऱ्यातून पुडा काढला.
किंमत तीच, रंग तोच,
पाठीमागे बारीक अक्षरात
ग्रॅम खाली उतरलेले.
माझी वही खोटं नव्हती बोलत,
तीन वर्षांपूर्वीचं खरं बोलत होती.

तेव्हापासून पेन्सिल.
प्रत्येक आकड्यापुढे तारीख.
तारीख जुनी झाली की ओजल कोपऱ्यात
छोटासा गोल काढते,
म्हणजे, पुन्हा तोला.

माझ्या मोठ्या काट्याला वर्षातून एकदा
सरकारी माणूस येतो,
वजनं ठेवतो, शिक्का मारतो.
घरच्याला कोण?
ओजल त्यावर एक जुनं नाणं ठेवते,
गेल्या वेळेइतकंच भरलं तर
साहेबासारखी मान हलवते.

हिवाळ्यात मळ्यात भरीत होतं.
काटा घरी राहिला.
तिनं पत्रावळीकडं पाहिलं, पुऱ्या मोजल्या,
एक परत ठेवली,
म्हणाली, अडतीस.
मी तशीच एक पुरी रुमालात बांधून आणली,
रात्री तोलून हिशेब केला, कोणाला न सांगता.
एक्केचाळीस.
चालतंय.

आता ती धुळ्याला निघाली, होस्टेलवर.
नवी वही, पहिल्या पानावर तारीख,
खाली "मेसची पोळी"
आणि पुढं प्रश्नचिन्ह.
मी म्हटलं, आकडा टाक की,
आपली पोळी बावीस भरते.
आपली, ती म्हणाली. त्यांची तोलून बघेन.

काटा फडक्यात गुंडाळत होती.
हा मी नेते, पप्पा.
तुमच्याजवळ मोठा आहेच.