पॉज

उद्यमनगरातली पाळी सुटली की
दस्तगीर साबणानं हात धुतो, कॅसेट उघडतो.
वर छापलंय नऊशे नव्व्याण्णव गेम;
आत सातच, बाकी तेच, नावं बदलून.
"आपल्यासारखंच की," म्हणतो.

बटणाखालचं रबर मिळत न्हाई कुठं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा,
त्यावर पेन्सिलीचं शिसं घासलेलं.
मग फुंकर.
फुंकू नये, गंज चढतो, ठाऊक आहे त्याला.
तरी फुंकतो.

भिंतीवर पुराची रेघ.
तिच्या वीतभर वर, त्याच पेन्सिलीनं: रौफ ४८२००.
वीज गेली की मशीन आकडा विसरतं,
भिंत नाही.

आज पोरगी सत्तेचाळीस हजारांवर,
शेवटची लाईफ.
पॉज दाबून म्हणाली,
"अब्बा, चाचांचं खोडायचं न्हाई हां.
माझं खाली लिहू."

खाली वीतभर जागा आहे.