दोन पुस्तकांचं कार्ड

कार्डावर दोनच पुस्तकं मिळतात.
माझ्यामागे सात बायका आहेत.

मंगळवारी ब्रँचला माल दिला की
कन्ना चौकातून चालत जाते,
ऊन असं की सावलीसुद्धा चपलेखाली घुसते,
आणि कपाटांपुढे उभी राहून
एकेकीचं तोंड आठवते.

भूदेवीला भांडण लागतं. घराचं, जागेचं, कसलंही,
पण शेवटी कुणीतरी रडलं पाहिजे.
राजव्वाला देश लागतात, बर्फ पडणारे.
तिथं तेंदूचं पान भिजवावं लागत नसेल, नाही का गं?
रजियाबी म्हणते, काय पण आण, जाड आण,
बारीक पुस्तक पहिल्या शंभरातच संपतं.

गाजूल सर चष्म्यावरून बघतात.
'मागं अस्वलाचं पिल्लू नेलंस,
त्याच्या मागं बँका कशा बुडतात.
तुमच्यात नक्की वाचतं कोण?'
'सगळेच,' म्हणते, आणि शिक्का मारून घेते.

पद्धत अशी आहे: मी वाचायचं, त्यांनी वळायचं,
जिनं तिनं शंभर विड्या माझ्या सुपात टाकायच्या.
सातशे होतात.
उरलेल्या तीनशे मी रात्री करते.

अस्वलाचं खरं तर नरसम्माच्या नातवासाठी होतं.
तो पहिल्याच पानावर झोपला.
बायका झोपल्या नाहीत.
मी 'अस्वल' म्हटलं,
नरसम्मा पलीकडे वळून म्हणाली, 'एलुगुबंटि',
आणि गल्लीत काहीतरी केसाळ, अवजड
येऊन बसलं.
मराठीत ते एवढं मोठं नव्हतं.
पिल्लू आईला हुडकत चार पानं चाललं.
कात्र्या थांबल्या.
त्या दिवशी शंभराच्या जागी पंच्याऐंशी आल्या.
मोजल्या, बोलले नाही.

मग यल्लम्मा, जी कधी काही मागत नाही,
दोरा दातात धरून म्हणाली,
'छातीचं असतं का काही? आतलं.
खरं. गोष्ट नको.'

खालच्या खणात होतं. चित्रांसह.
शेवटची तारीख माझ्या जन्माआधीची.
फुप्फुसाच्या प्रकरणात एक परिच्छेद होता,
बारीक धुळीचा, तंबाखूच्या,
तो मी गाळायचं रात्रीच ठरवलं होतं.
गाळला.
'मधलं सोडलंस,' यल्लम्मा म्हणाली.
तिला अक्षर येत नाही.
'थांबल्यावर तू दम घेतीस.
आत्ता न घेताच पुढं गेलीस.'

मागं गेले. वाचला.
कुणी मान वर केली नाही.
सुपं हलत राहिली, कारण उद्या हजार द्यायच्याच होत्या,
आणि चेकर फुप्फुसं बघत नाही, टोकं बघतो.
बऱ्याच वेळानं रजियाबी म्हणाली,
'जाड आणलंस. बरं केलंस.'

आज निघताना यल्लम्मानं उंबऱ्यात अडवलं.
'ते छातीचं परत लिहून आण माझ्या नावानं, संपलं नाही अजून.
आणि दुसरं अस्वलाचं.
आई सापडली का त्याला?
तेव्हा मी खोकत होते.'

छातीचं मिळालं. पुन्हा शिक्का.
अस्वल बाहेर गेलंय, साखर पेठेतला कुठला पोरगा,
पुढच्या सोमवारी येईल म्हणतात सर.
समोर बदकांचं एक आहे, जिल्ह्यातल्या विहिरींचं एक,
एका बाईनं एकटीनं बांधलेल्या घराचं एक,
त्यात भूदेवीपुरतं भांडण असावं.
सर शिक्का हातात धरून थांबलेत.

सापडली होती.
मला वाटतं, सापडली होती.
शेवटच्या पानावर दोघांची पाठ होती,
की एकाचीच होती, मोठी, ओल्या केसांची?

विहिरींचं घेते.
कन्ना चौकापर्यंत वेळ आहे,
तोवर शेवट नीट जुळवीन,
आणि सांगताना
दम घ्यायला विसरणार नाही.