राजम्याची पिशवी

बस, त्या खोक्यावर बस, तेकले.
कोरड्या पुलावर सकाळी अकरापर्यंत
गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाच.
किती आहेत म्हणालीस? एकशे साठ लारी.
आणि प्रवास सात महिन्यांचा,
अल्माटी, उलानबातर, मग खाली हनोई.
बरं. पैसे परत खिशात घाल.
मी सांगेपर्यंत काढू नकोस,
माझीही नियत रोज सारखी नसते.

हा ट्रायपॉड? नको.
सोव्हिएत काळातला आहे, तोफ ठेवली तरी हलायचा नाही,
पण तू वाहणार किती दिवस?
नाकापेक्षा मोती जड.
आणि तो दुसरा, चकचकीत, चाळीस लारींचा:
वारा सुटला की आधी तो पडतो, मग कॅमेरा,
मग तू उकिडवी बसून तुकडे वेचतेस
आणि मला शिव्या देतेस.
शिव्या चालतात मला. तुकडे बघवत नाहीत.

त्यापेक्षा ही घे, जाड कापडाची पिशवी.
माझ्या जुन्या पँटचा पाय आहे, लपवत नाही.
आत किलोभर लाल राजमा भर,
दगडावर ठेव, कठड्यावर, बसच्या खिडकीत,
कॅमेरा तिच्यात मांजरासारखा रुतून बसतो.
आणि कुठे अडकलीस, दुकान नाही, माणूस नाही,
तर राजमा शिजव.
कोथिंबीर मिळाली तर नशीब तुझं.
सांग बरं, कुठला ट्रायपॉड तुला जेवू घालेल?

हा पट्टा झिगुलीच्या सीटबेल्टचा.
गाडी भंगारात गेली, पट्टा नवाकोरा राहिला,
कारण आमच्यात तो कुणी कधी लावलाच नाही.
पावसासाठी काही घेऊ नकोस.
स्वस्त हॉटेलात न्हाणीघरात प्लास्टिकची टोपी ठेवतात,
ती कॅमेऱ्याच्या डोक्यावर घाल, तुझ्या नको.
बॅटऱ्या मात्र दोन जास्तीच्या हव्यातच.
गोबीत रात्री काखेत घेऊन झोप त्यांना,
थंडी बॅटरी पिऊन टाकते.
फिल्टरवर ओरखडा आहे, हो, दिसतोय मला,
तो भिंगाऐवजी मार खायला आहे, शोभेला नाही.

कार्ड माझ्याकडून घेऊ नकोस.
हळू बोलतो, शेजारी गुराम ऐकेल.
ह्या पाकिटावर एकशे अठ्ठावीस लिहिलंय,
पोटात आठसुद्धा नाहीत.
सगळं घेतल्यासारखं करतं,
पुढचं कुठे जातं, देव जाणे.
मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात जा, पावती माग,
आणि एक मोठं नको, दोन लहान घे.

मला कसं माहीत?
लामारा बारीला गेली, इटलीत,
एका म्हातारीचं सगळं करायला.
कार्ड मीच दिलं होतं. असलंच.
पुढच्या उन्हाळ्यात आली,
तू बसलीस त्याच खोक्यावर बसली,
कॅमेरा उघडला:
विमानतळ. समुद्र. म्हातारीच्या खिडकीतलं लिंबाचं झाड.
आणि मग करडे चौकोन.
करडे, करडे, अकरा महिने करडे.
ती एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत गेली,
ही म्हातारीची नात,
हा पहिला रविवार, मला सुट्टी होती,
ही मी केलेली खाचापुरी, त्यांना आवडली नाही.
मी मान डोलावत होतो.
खरं सांगू? ते फोटो मला अजून आठवतात.

असो.
पट्टा बारा, बॅटऱ्या तीस, फिल्टर पाच.
आता काढ पैसे.
पिशवीचे नाहीत, राजमा तुझा तू आण.
कार्डं घेऊन उरतील त्यातून चांगले मोजे घे,
पाय ओले असले की फोटो वाकडे येतात.

थांब, भिंगाचं झाकण?
हरवलंस ना, जायच्या आधीच.
हे बघ, हे बसतं का... बसलं.
अक्रोडाच्या मुरंब्याच्या बरणीचं आहे,
बरणी घरी उघडीच आहे, लामाराची.
परत आणायलाच हवं असं काही नाही.

आणलंस तर बरं.