कोन होय

घाटंजीहून अकरा किलोमीटर आत,
सोसायटीच्या गोदामामागं,
युरियाच्या वासात मी शिकले
कधी न पाहिलेल्या यंत्रात शिरायला.

शिकवणारी सुकेशनी खोब्रागडे, फोनवर, हैदराबादेहून.
रेंज खिडकीच्या गजाशीच,
म्हणून डावा हात बाहेर, उजवा की-बोर्डवर.
"दोन किल्ल्या बनव. एक साऱ्या गावाला दाखव, चालते.
दुसरी मलेई सांगू नको."
पहिली तर किल्ली नाहीच, मी म्हटलं,
ते कुलूप आहे, कोणाच्याही दाराला लावून यावं असं.
"तसं समज," ती हसली.

परवलीचं वाक्य टाइप केलं
तर पडद्यावर एक टिंबही उमटेना.
वाटलं, उंदरांनी पुन्हा वायर खाल्ली.

मग विचारणा आली:
या सर्व्हरची ओळख पटत नाही. पुढं जायचं?
मी 'होय' लिहिणारच होते.
"थांब! आधी ठसा वाच."
भर दुपारी मी मोठ्यानं वाचत सुटले
लहान एस, मोठा क्यू, सात, पुन्हा सात,
ती तिकडं कागदाशी ताडत.
पोती उतरवणारा किसन आत्राम थबकला:
"पोरीच्या अंगात आलं का काय!"

त्या रात्री बाबा हरभऱ्याच्या राखणीला.
रोही पडतात, डुकरं पडतात.
डबा घेऊन गेले, तर मचाणावरून आवाज:
"कोन होय?"
मी खोकले. त्यांना तेवढं पुरतं.
पण मीच उलटून विचारलं, "तुमी कोन?"
राखणदाराला असं कोणी विचारत नाही.
बराच वेळ टॉर्च नुसतीच हलत राहिली.
मग म्हणाले, "परवा तुह्या चपलीचा अंगठा
कोनं शिवला?"
मी शिडी चढले.

आणि मार्चात, साठा पाठवायच्या दिवशी,
सगळा पडदा भरून इशारा:
ओळख बदलली आहे.
सचिव डोक्यावर उभे. "दाब ना होय, पाच वाजत आले."
सुकेशनीचा फोन बंद.
मी हात मांडीखाली घेऊन बसले.
पाच वाजले. सचिव बरंच बोलले,
त्यातलं अर्धं माझ्या बापाबद्दल होतं.

सव्वासहाला फोन आला.
"अवं, काल सर्व्हर नवा बसवला,
तुले सांगाचं राहूनच गेलं!"
बरं, मी म्हटलं, आणि गजाबाहेर हात काढला.
आता तू वाच.
मी ताडते.